लाईट गेली की जनरेटर घ्यावा का? बुलढाणेकरांनी आधी हा हिशोब करून बघावा

एप्रिल २०२२ मध्ये कोळशाची टंचाई आणि उन्हाळ्याची मागणी एकत्र आली आणि महावितरणला भारनियमन करावं लागलं. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी ७२ तासांचा संप पुकारला. तो पहिल्याच दिवशी मिटला, पण तेवढ्यात अनेकांनी मोबाईल आणि पॉवर बँक चार्जिंगला लावून ठेवले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये घाटाखाली जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पुराने हाहाकार माजवला.

असं काही झालं की इन्व्हर्टर आणि जनरेटरच्या दुकानांत चौकशी वाढते, आणि "घरासाठी छोटा जनरेटर कोणता घ्यावा?" हा प्रश्न व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास येतो. उत्तरं मिळतात ती ब्रँडच्या नावांची. पण ब्रँड हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की लाईट गेल्यावर तुमच्या घरात नेमकं काय चालू राहायला हवं, आणि किती वेळ?

लाईट जाण्याचे तीन प्रकार

वरच्या घटना एकसारख्या नाहीत, म्हणून त्यांचा इलाजही एक नाही.

१. काही तास. भारनियमन, दुरुस्तीसाठी बंद, फीडरवरचा किरकोळ बिघाड. इथे बॅटरी पुरते. जनरेटरची गरज नाही.

२. एक-दोन दिवस. वादळात खांब पडला, डीपी जळाली. घाटावर चिखली-मेहकरकडे काय किंवा घाटाखाली नांदुरा-शेगावकडे काय, हा अनुभव सगळ्यांनाच आहे. साधी इन्व्हर्टर बॅटरी पहिल्या रात्रीनंतर मान टाकते. इथे जनरेटर कामाला येतो.

३. अनेक दिवस. पूर, रस्ते बंद. इथे जनरेटर लागतो खरा, पण मेख अशी की रस्ता बंद म्हणजे पेट्रोल पंपही बंद. घरात असेल तेवढ्याच पेट्रोलवर भागवावं लागतं.

म्हणजे जनरेटर घेताना मशीनइतकाच विचार इंधनाचा करायला हवा. त्याकडे पुढे येऊच, आधी लोड मोजू.

तुमचा लोड किती?

मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा. साधारण आकडे असे:

- एलईडी बल्ब: ९ वॅट
- वायफाय राउटर: १० वॅट
- साधा पंखा: ७५ वॅट, बीएलडीसी पंखा: ३० वॅटच्या आसपास
- लॅपटॉप: ५० ते ६५ वॅट
- फ्रिज: चालताना १५० ते २०० वॅट, सुरू होताना त्याच्या कित्येक पट
- पाच लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: साधारण ३५० वॅट
- एक एचपीची पाण्याची मोटर: चालताना साधारण १,१०० वॅट, सुरू होताना क्षणभर तीन ते पाच पट

नुसता मोबाईलच चालू ठेवायचा असेल तर २०,००० एमएएचची पॉवर बँक घ्या आणि विषय संपवा. तिच्यात साधारण ७४ वॅट-तास ऊर्जा असते. ५,००० एमएएचचा फोन त्यातून अडीच-तीन वेळा चार्ज होतो. बहुतेक घरांची पहिली गरज एवढीच असते: फोन, दोन बल्ब, एक पंखा. हे सगळं बॅटरीवर चालतं.

जनरेटरचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो तो यादीतल्या शेवटच्या तीन ओळींपासून. पाणी बोअरचं असेल आणि मोटरशिवाय टाकी भरत नसेल, किंवा घरात कॉन्सन्ट्रेटरवर असलेला पेशंट असेल, तर जनरेटर ही चैन नाही. तरी कॉन्सन्ट्रेटर असलेल्या घरात भरलेलं ऑक्सिजन सिलेंडर हाताशी ठेवणं हा पहिला उपाय, जनरेटर दुसरा. इंजिन ऐन वेळी सुरू होईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

पाटी कशी वाचायची?

जनरेटरवर "२ केव्हीए" लिहिलेलं दिसलं की २,००० वॅट मिळतील असं धरू नका. पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर मिळणार १,६०० वॅट. शिवाय पाटीवर दोन आकडे असतात: रेटेड आणि मॅक्सिमम. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो मॅक्सिमम, पण तो काही मिनिटांपुरता असतो. तुम्ही रेटेडच बघायचा.

मोटर चालवायची असेल तर सुरू होतानाचा झटका धरा. एक एचपीच्या मोटरला २ केव्हीएचा जनरेटर दमतो. ३ केव्हीए किंवा त्याहून थोडा मोठा घेतलेला बरा. शेतातला तीन-पाच एचपीचा थ्री फेज पंप मात्र या छोट्या मशीनचं काम नाही, तो हिशोबच वेगळा.

पुढचा प्रश्न साधा जनरेटर की इन्व्हर्टर जनरेटर? आपली वीज ५० हर्ट्झची. साध्या छोट्या जनरेटरमध्ये ती मिळवायला इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारत राहतं, लोड एका बल्बचा असो की फ्रिजचा. म्हणून आवाज आणि पेट्रोल दोन्ही जास्त. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट वीज साफ करून देतं, त्यामुळे लोड कमी असेल तर इंजिनही हळू चालतं. लॅपटॉप, टीव्ही, राउटरसाठी तो चांगला, पण किंमत बरीच जास्त. फक्त मोटर आणि बल्ब चालवायचे असतील तर साधा पुरतो.

पेट्रोलचं गणित

२ केव्हीएचा साधा जनरेटर चांगल्या लोडवर तासाला एक लिटरच्या आसपास पेट्रोल पितो, असं ढोबळ धरा. त्यातून एक-दीड युनिट वीज मिळते. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे, म्हणजे एका युनिटमागे सत्तर ते शंभर रुपये. चोवीस तास चालवण्याचं हे यंत्रच नाही.

कायदा काय म्हणतो? १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवता येतं. पण भांडं घट्ट झाकणाचं हवं: धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, काचेचं असेल तर जास्तीत जास्त एक लिटरचं. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल नेणं यात कुठेच बसत नाही. आणि कायद्याने चालतं म्हणून ३० लिटर स्वयंपाकघराशेजारी ठेवू नका.

आता पुराच्या प्रसंगाला हे लावून बघा. ३० लिटर म्हणजे ३० तास. रोज तीन तास चालवला तर दहा दिवस निघतात. त्या तीन तासांत टाकी भरायची, फ्रिज गार करायचा, फोन आणि इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज करायची. रात्र बॅटरीवर काढायची.

यात एक खाच आहे. घरगुती इन्व्हर्टर बॅटरीला साधारण १० ते १५ अँपिअरनेच चार्ज करतो. तीन तासांत बारा व्होल्टच्या बॅटरीत ४० अँपिअर-तासांच्या आसपास भर पडते, आणि तूट वजा जाता हाती लागतात साडेतीनशे वॅट-तास. त्यात एक बीएलडीसी पंखा आणि एक बल्ब आठ तास चालतो. साधा पंखा पाच तासही चालत नाही. म्हणजे जनरेटरवर पैसे टाकण्याआधी पंखा बदलणं स्वस्तात पडू शकतं! शिवाय काही इन्व्हर्टर साध्या जनरेटरची वीज नाकारतात. अशा वेळी मागचं बटण "यूपीएस"वरून "नॉर्मल" मोडवर करून बघा.

इथेनॉलचा मुद्दाही आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे महिनोन्‌महिने टाकीत पडलेलं पेट्रोल ऐन वेळी दगा देतं. साठा दीड-दोन महिन्यांत गाडीत वापरून टाका आणि नवीन भरा. मशीन या पेट्रोलसाठी योग्य आहे का ते घेतानाच विचारा. महिन्यातून एकदा दहा मिनिटं लोड लावून चालवा, आणि नंतर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपू द्या.

दोन नियम, ज्यात सूट नाही

पहिला: जनरेटर घरात नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचं म्हणणं आहे की एक पोर्टेबल जनरेटर शेकडो कारइतका हा वायू सोडू शकतो. घरापासून किमान २० फूट लांब आणि धूर दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला, ही त्यांची सूचना. आपल्याकडे धोका नेमका पावसात वाढतो. मशीन भिजू नये म्हणून लोक ते ओसरीत, जिन्याखाली, गोठ्यात आणतात. त्याऐवजी चारही बाजू उघड्या असलेलं पत्र्याचं छप्पर आधीच करून ठेवा. जनरेटर चालू असताना डोकं दुखायला लागलं, मळमळलं, झोप यायला लागली तर आधी सगळ्यांनी बाहेर पडा.

दुसरा: जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसायची नाही. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून असा जुगाड केला जातो. मेन स्विच बंद करायचा राहिला तर तुमची वीज लाईनवरून डीपीपर्यंत जाते. डीपी जशी ११ हजार व्होल्टचे घरगुती व्होल्टेज करते, तशीच उलटीही चालते. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात ती वीज येते. तुमच्याच गावची लाईट यावी म्हणून तो पावसात वर चढलेला असतो. चेंजओव्हर स्विच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. ते जमत नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड थेट जनरेटरला लावून त्यावरच उपकरणं चालवा.

"पण आमच्याकडे तर सोलर आहे"

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळत असल्याने छपरावर पॅनेल दिसू लागले. पण नेट मीटरिंगचा साधा ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की, भर दुपारीसुद्धा, स्वतःहून बंद होतो. हा बिघाड नाही. कारण तेच, लाईनवर काम करणाऱ्याचा जीव. बॅकअप हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. सोलर अजून बसवायचा असेल तर हा प्रश्न कोटेशन घेतानाच विचारा. तो खर्च धरूनही काहींना जनरेटरची गरज उरणार नाही.

मग घ्यायचं काय?

- फोन, बल्ब, राउटर: पॉवर बँक आणि चार्जिंगचे दिवे.
- पंखे, टीव्ही, लॅपटॉप: इन्व्हर्टर, बॅटरी आणि बीएलडीसी पंखा.
- फ्रिजसुद्धा: २ केव्हीए जनरेटर. पण फ्रिज न उघडता साधारण चार तास गार राहतो, हे लक्षात ठेवा.
- बोअरची एक एचपी मोटर: ३ केव्हीए किंवा थोडा जास्त. नाहीतर लाईट असतानाच भरून ठेवलेली मोठी टाकी, जिला पेट्रोल लागत नाही.
- घाटाखालचं पुराचं गाव: चार-पाच घरांनी मिळून एक चांगला जनरेटर. जागा उंचावरची, आणि पेट्रोलची जबाबदारी कुणाची हे आधीच ठरलेलं.

लाईट गेल्याची तक्रार १९१२ वर किंवा महावितरणच्या अ‍ॅपवर करता येते. त्यासाठीही फोन चार्ज असावा लागतो, म्हणून यादीची सुरुवात पॉवर बँकेपासून केली आहे. दुकानात जाण्याआधी आज घरातली उपकरणं उलटी करून मागच्या पाटीवरचे वॅट टिपून घ्या. पुढच्या वेळी दुकानदार "साहेब, हाच घ्या" म्हणाला की ती यादी त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, यातलं काय-काय एकाच वेळी चालेल?