२६ जुलै, मुक्काम शहाड

शाळेच्या दर्शनी फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचं काम पुष्कळ वर्षं माझ्याकडे होतं. वर वार आणि तारीख, मधे सुविचार, उजव्या कोपऱ्यात चौकट आखून जन्म, मृत्यू, घटना. प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत फळा तयार हवा, म्हणून आदल्या रात्रीच वहीत टिपून ठेवायची सवय लागली. ती वही अजून माझ्याजवळ आहे आणि निवृत्तीनंतरही तिच्यात भर पडतेच. एकेका तारखेखाली इतकी माणसं आणि इतके देश दाटीवाटीने येऊन बसतात, की फळ्यावर कुणाला जागा द्यायची हा रोजचा प्रश्न असायचा. तो मी कधी हलका मानला नाही. फळ्यावर येतं तेवढंच मुलांच्या लेखी घडलेलं असतं.

२६ जुलैचं पान उघडलं की पहिलं नाव बर्नार्ड शॉचं. १८५६ साली डब्लिनला जन्म. नववीच्या मुलांना शॉ सांगायचा तर ‘ती फुलराणी’पासून सुरुवात करावी लागते, त्याच्या ‘पिग्मॅलियन’वरून पुलंनी ते नाटक बेतलं, हे कळलं की डब्लिनचा माणूस एकदम ओळखीचा होतो. खाली १९५३: क्यूबात फिडेल कॅस्ट्रोने मोंकाडा बराकींवर हल्ला केला. तो फसला, पण पुढे त्याच्या संघटनेने ‘२६ जुलै चळवळ’ हेच नाव घेतलं. १९५६: इजिप्तच्या नासरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. २००९: ‘घाशीराम कोतवाल’चं संगीत देणारे भास्कर चंदावरकर गेले. आणि १९९९ चा कारगिल विजय दिवस, ज्याला फळ्याचा अर्धा भाग मिळायचा आणि मिळायलाच हवा. पाचशेहून अधिक जवान त्या युद्धात गेले.

फळ्यावर मात्र या सगळ्यांच्या आधी मी एक नोंद लिहीत असे. २६ जुलै १९०२, करवीर संस्थान.

त्या दिवशी कोल्हापूरच्या सरकारी गॅझेटात शाहू महाराजांचा हुकूम प्रसिद्ध झाला. महाराज स्वतः तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेलेले होते. हुकूम असा, की यापुढे संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांनी भरायच्या. १८९४ साली महाराज गादीवर आले तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या एकाहत्तर जागांपैकी साठ जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, हे लक्षात घेतलं म्हणजे या एका कागदाने काय उलथलं ते कळतं. पुस्तकांतून पन्नास टक्क्यांचा आकडा येतो आणि तिथेच गोष्ट संपते. मला त्या हुकुमाचा शेवट जास्त मोलाचा वाटतो. प्रत्येक खातेप्रमुखाने हुकुमानंतर केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा, असं त्यात बजावलं आहे. राजाने नुसती इच्छा बोलून दाखवली नाही, हिशेब मागितला. कारकुनी वाटावी अशी ही ओळ म्हणजे त्या हुकुमाचा कणा आहे, असं मी वर्गात दरवर्षी सांगत आलो.

शहाडला मात्र २६ जुलै म्हटलं की शाहू महाराज आठवत नाहीत, कारगिलही नंतर आठवतं. आधी पाणी आठवतं.

२००५ साली त्या दिवशी मंगळवार होता. आषाढी होऊन आठवडा उलटला होता, बिर्ला मंदिरातल्या विठ्ठलाच्या दर्शनाची गर्दी ओसरली होती. दुपारपासून जो पाऊस लागला तो थांबेना. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच वेळी कुलाब्याला शंभराच्याही आत. त्या पावसाने महाराष्ट्रात हजारावर माणसं नेली. त्यावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं, माधवराव चितळ्यांच्या समितीचा अहवाल आला, मिठी नदी देशभर माहीत झाली. पण बोरघाटाच्या अंगाने उतरणारी, कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत आमच्या दारावरून मोहन्याकडे जाणारी उल्हास नदी त्या रात्री काय करत होती, हे कर्जत ते कल्याण राहणाऱ्यांनाच ठाऊक. मुंबईचा पूर पावसाचा होता, आमचा नदीचा. पावसाचं पाणी तुंबतं. नदीचं पाणी चालून येतं, आणि वरचा पाऊस थांबला तरी खाली वाढत राहतं.

आमची इमारत जराशी उंचावर. खालच्या अंगाच्या बैठ्या चाळींत पाणी छातीपर्यंत चढलं तेव्हा तिथली माणसं आमच्या जिन्यात, गच्चीवर, घरात येऊन बसली. कसाऱ्याकडची लोकल बंद, मुंबईकडची बंद, मुरबाडचा रस्ता पाण्याखाली, फोन मुके. कामावर गेलेलं माणूस कुठे अडकलंय हे कळायला मार्ग नव्हता. चहाची पावडर संपली तशी नुसतं गरम पाणी आणि साखर दिली. वीज गेली ती काही दिवस आलीच नाही.

पाणी उतरल्यावर जे पाहिलं ते वहीच्या त्या पानाशी कायमचं जोडलं गेलं आहे. चाळीतल्या एका वहिनींनी गादी, कपडे, भांडी सगळं बाहेर चिखलात तसंच टाकलं होतं आणि त्या आमच्या गॅलरीत एका गोष्टीला लागल्या होत्या. पत्र्याच्या ट्रंकेतली कागदपत्रांची पिशवी. रेशनकार्डाची पानं एकमेकांना चिकटून लगदा झाली होती, ती त्यांनी बाजूला ठेवली. मग मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला, आणि त्याच्या घडीत जातीचा दाखला. शाई पसरून निळा डाग झालेला, पण गोल शिक्का वाचता येत होता. वर्तमानपत्राच्या दोन कोरड्या पानांत तो ठेवून त्या तळहाताने दाबत होत्या, पान ओलं झालं की दुसरं घेत होत्या. दहा-पंधरा मिनिटांनी उचलून उजेडात धरायच्या, पुन्हा ठेवायच्या. मुलगा बारावी झाला होता, प्रवेश चालू होते. “भांडी परत घेता येतील, सर,” एवढंच म्हणाल्या.

मी तिथे उभा होतो आणि मला तारीख आठवली. त्याच तारखेला एकशे तीन वर्षांपूर्वी कोल्हापुरात निघालेल्या हुकुमाची वाट पुढे राज्यघटनेपर्यंत गेली आणि आरक्षण म्हणून त्या वहिनींच्या घरापर्यंत पोहोचली. त्या एवढ्याशा कागदाला मोल आलं ते त्यामुळे. आणि त्याच तारखेच्या पाण्याने तो भिजवला होता. दिनविशेषात जन्म-मृत्यू एकाखाली एक येतात तेव्हा त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. शॉ आणि नासर यांचा काय संबंध? पण कधीकधी एका तारखेच्या दोन नोंदी एकाच घरात येऊन भेटतात, आणि ते घर फळ्यावर कुठेच नसतं. पुढच्या वर्षापासून मी चौकटीत शेवटची ओळ वाढवली: ‘२००५: उल्हास नदीचा महापूर, शहाड.’ मुलं थांबून वाचत आणि आपापल्या घरात पाणी किती आलं होतं ते हात दाखवून सांगत. दुसऱ्या कुठल्या नोंदीपाशी ती अशी थांबली नाहीत.

     

नदीकडे परत येतो. शहाडचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुधा पाणीकपातीच्या बातमीत. ठाण्या-भिवंडीकडे पाणी नेणारी ‘स्टेम’ ही योजना आपल्या नावातच शहाड आणि टेमघर घेऊन फिरते. इथूनच उल्हासचं पाणी उचललं जातं. उन्हाळ्यात मोहन्याच्या बंधाऱ्याजवळ जलपर्णी नदी झाकून टाकते तेव्हा चार छायाचित्रं छापून येतात. म्हणजे नदी आटली किंवा कुजली की बातमी. ती फुगते कुठवर, याची बातमी पूर आल्यावरच, आणि पूर ओसरला की तीही ओसरते.

पाटबंधारे खात्याच्या नकाशांवर नद्यांना दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम करायचं नाही, निळी आणि लाल यांच्या मधे निर्बंध पाळून करायचं. व्यवस्था चांगली आहे, शहाणपणाची आहे. पण या रेषा कागदावर राहतात. नवं घर बघायला आलेल्या जोडप्याला बिल्डरच्या नमुना फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचा ओटा दाखवतात, त्या भिंतीपर्यंत पाणी आलं होतं हे कोण दाखवणार? गेल्या काही वर्षांत कल्याण-मुरबाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे उभं राहिलं आहे, ते बघून माझ्या पोटात कालवतं. पाऊस जोराचा झाला की रायत्याचा पूल वाहतुकीला बंद होतो, आणि पाणी उतरताच त्याच रस्त्याने सहकुटुंब साइट बघायला माणसं येतात. त्यांनी आयुष्याची पुंजी ओतलेली असते. त्यांना सांगायला हवं.

२०१९ साली नदीने तारीख पुन्हा लिहिली. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून सुटलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हासच्या पाण्यात अडकली. पहाटेच्या अंधारात गाडीच्या चहूबाजूंना पाणी, आत सुमारे एक हजार पन्नास प्रवासी, त्यांत गरोदर बायका. आसपासच्या गावांतले लोक, एनडीआरएफचे जवान, नौदल अशा सगळ्यांनी मिळून दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला सुखरूप बाहेर काढलं. एकही जीव गेला नाही. हे दिनविशेषात सोन्याच्या अक्षरांत यायला हवं आणि मी ते वहीत लिहिलं आहे. ती गाडी चालली होती कोल्हापूरला. तिचं शेवटचं स्टेशन छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. मी नशिबाचे संकेत शोधणारा माणूस नाही, पण ही नोंद करताना हात थांबला खरा.

म्हणून आता माझं मागणं साधं आहे आणि ते मी त्या १९०२ च्या हुकुमातूनच उचललं आहे. २६ जुलैला शहाडमध्ये पाण्याच्या खुणा रंगवाव्यात. २००५ ची एक, २०१९ ची एक. शाळेच्या भिंतीवर, पुलाखालच्या खांबांवर, नदीकडच्या प्रत्येक सोसायटीच्या जिन्यात. आणि दर तीन महिन्यांनी प्रभागात एक तक्ता लागावा: कोणता नाला उपसला, कोणत्या नाल्यावर भराव पडला, लाल रेषेच्या आत कोणत्या नव्या बांधकामाला परवानगी मिळाली. महाराजांना नेमणुकांचा तक्ता मागता आला, तर आपल्याला नाल्यांचा मागता येईल.

आमच्या सोसायटीच्या गेल्या सभेत मी हा विषय मांडला. आमच्या जिन्यात पाणी आलं नव्हतं, पण चाळीच्या जागी जी इमारत झाली ती आमच्याच सोसायटीत धरली जाते, आणि खूण तिथे हवी. दोन-तीन जणांनी लगेच विरोध केला: खूण रंगवली तर फ्लॅटचे भाव पडतील. त्यांचं भय मला समजतं. घर विकून मुलीचं शिक्षण करायचं ठरवलेलं असतं, कर्जाचे हप्ते असतात. मी त्यांना म्हटलं, विकत घेणाराही कुणाचा तरी बापच असतो. ठराव पुढच्या सभेवर गेला आहे. या वेळी चाळीतल्या त्या वहिनी माझ्या बाजूने बोलणार आहेत. त्यांचा मुलगा आता सरकारी नोकरीत आहे, आणि २००५ चं पाणी भिंतीवर नेमकं कुठवर होतं, हे बोट ठेवून दाखवायला तो रजा काढून येतो म्हणाला आहे.