परतीच्या पैशांचा चकवा



बैल घ्यायचा म्हटला की आपण दात मोजतो, चार पावले चालवून पाहतो, मगच इसार देतो. तीच आपण माणसे मोबाईलवर मात्र नुसते चित्र पाहून पैसे मोकळे करतो.

आमच्या भावकीतल्या एका सूनबाईंनी गेल्या रब्बीत हरभऱ्यावर फवारायला बॅटरीचा पंप मागवला. तालुक्याला अडीच हजारांचा पंप फोनवरच्या जाहिरातीत सातशेला होता. पार्सल दारात आल्यावर पैसे द्यायचे, मग यात कसली फसवणूक, असे त्यांना वाटले. पैसे देऊन खोके फोडले, तर आत फुलझाडांवर पाणी मारायची प्लॅस्टिकची बाटली! पार्सल आणणारा पोरगा तोवर वेशीबाहेर. (त्याला तरी काय बोल लावणार? बंद खोक्यात काय आहे हे त्यालाही ठाऊक नसते.)

सातशेवरच निभावले असते तर मी लिहायलाही बसलो नसतो. पण बाईंनी तक्रारीसाठी कंपनीचा नंबर फोनवर शोधला आणि जो पहिला दिसला तो लावला. तो चोरट्यांनीच पेरून ठेवलेला होता. पलीकडचा माणूस मोठा गोड बोलला, "ताई, पैसे लगेच परत करतो. पाठवलेला चौकोन स्कॅन करा अन् पिन टाका." पिन टाकला आणि खात्यातले सोयाबीनच्या पट्टीचे अठरा हजार गेले.

मंडळी, घरातल्या सगळ्यांना हे एकदा नीट सांगून ठेवा. यूपीआयने पैसे देताना पिन लागतो. पैसे घेताना पिनही लागत नाही आणि चौकोन स्कॅन करावा लागत नाही. पैसे परत द्यायला पिन मागणारा चोरच समजा.

बाई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. घरचे काय म्हणतील हा धाक! चोरांचे तिथेच फावते, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर पळवले जातात. तेव्हा क्षणभरही न थांबता १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे वाटेत असतील तर ते खाते रोखता येते. आणि कर्त्या पुरुषांनो, राग आवरा. बोगस बियाण्यात आपणही फसलो होतो, तेव्हा घरच्या बायांनी आपल्याला काय बोलून दाखवले होते?

राहिली ती खरेदीची गोष्ट. २०२० च्या नियमांप्रमाणे अशा ऑनलाइन दुकानाने आपले नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव दाखवलेच पाहिजे. ते नसेल तर माल कितीही स्वस्त असो, मागवू नका. तक्रारीचा नंबर त्याच दुकानाच्या पानावरून घ्यावा, इकडेतिकडे शोधू नये. खोके फोडताना शेजारच्या पोराला मोबाईलवर चित्रण करायला सांगा, पुरावा राहतो. दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ हा ग्राहकांच्या मदतीचा नंबर आहे. २०१९ च्या कायद्याने आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी पडत नाही.

सूनबाईंचे चार हजार तेवढे रोखता आले. पंप मग तालुक्याहूनच आणला, दुकानात पाणी भरून चालवून पाहिला आणि पक्की पावती घेतली.