काटा खोटा की इंजीन तापले?

दिल्लीच्या द्वारकेत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांजवळ पोहोचतो. अशा उन्हात जुन्या डिझेल मोटारीचा तापमानदर्शक काटा लाल खुणेकडे सरकला, तर आधी गाडी थांबवून इंजीन बंद करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. इंजीन पूर्ण निवल्यावर पाणी पाहावे.

पाणी पुरेसे असून नुसती किल्ली फिरवताच काटा वर चढत असेल, तर एका वायरच्या सेन्सरची वायर काढून पाहावी. काटा खाली आला तर सेन्सर बिघडलेला. वरच राहिला तर दोष वायरमध्ये किंवा मीटरमध्ये.

मात्र काटा खाली आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. पाणी गळून गेल्यास सेन्सर कोरडा पडतो, काटा ‘थंड’ दाखवतो आणि हेड गॅस्केट जळते.