हक्क ॲपमध्ये, ॲप नव्या फोनमध्ये

वस्तीतल्या कुठल्याही घरात एखादा पाच-सात वर्षांचा फोन सापडतो. पडदा शाबूत असतो, रेंज पकडतो, कॉल लागतो, बॅटरी उतरली तर नाक्यावरचा मोबाइलवाला बदलून देतो. तरीही एक दिवस त्यावर संदेश येतो की हे ॲप आता या फोनवर चालणार नाही. फोन बिघडलेला नसतो. कुठल्यातरी कंपनीने त्याला अपडेट देणे बंद केलेले असते. आपण मात्र 'जुना झाला, काय करणार' म्हणून गप्प बसतो आणि हप्त्यावर नवा घेतो.

कोणाला हा ग्राहकांचा किरकोळ प्रश्न वाटेल. पण ज्या दिवशी सरकारने हजेरी, पोषण आहार आणि योजनांचे अर्ज ॲपमध्ये नेले, त्या दिवशी हा प्रश्न ग्राहकाचा राहिला नाही. तो नागरिकाचा झाला. म्हणूनच तो आंबेडकरी चळवळीचा आहे.

फोन कसा मारला जातो

चालू फोन निकामी होण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, कंपनी सुरक्षा अपडेट थांबवते. पुष्कळदा त्यामागे चिप बनवणारी कंपनी असते. तिने त्या चिपसाठी सॉफ्टवेअर देणे थांबवले की फोनवालाही हात वर करतो. दुसरा, ॲपवाले किमान आवृत्ती वर सरकवतात. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडले आणि मे २०२५ मध्ये आयफोन ५एस आणि ६ सोडले. गुगलच्या क्रोम ब्राउझरने २०२५ मध्ये १३९ व्या आवृत्तीपासून अँड्रॉइड ८ आणि ९ सोडले. अँड्रॉइड ९ आले होते २०१८ मध्ये. तिसरा मार्ग सहसा दिसत नाही. वेबसाइट खरी की खोटी हे ओळखण्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रांची यादी जुन्या फोनमध्ये आतच बसवलेली असते. ती यादी शिळी झाली की चांगल्या वेबसाइटही 'असुरक्षित' म्हणून अडवल्या जातात. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या अनेक फोनवर २०२४ नंतर हेच झाले.

आता यातली खरी मेख पाहा. अपडेटची वर्षे साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. पैसेवाला माणूस मॉडेल आल्या आल्या घेतो. आपला माणूस दोन वर्षांनी किंमत उतरल्यावर घेतो, नाहीतर सेकंडहँड घेतो. म्हणजे हातात येतानाच त्या फोनचे अर्धे आयुष्य खर्च झालेले असते. वर गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. हे महागडे फोन. स्वस्त फोन घेणाऱ्याला त्याच्या निम्मीही वर्षे मिळतील याची खात्री नसते. गुगल आणि सॅमसंगने सात वर्षे दिली, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ते अशक्य नव्हते. प्रश्न आहे तो कोणाला द्यायचे याचा.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध असमानता असे केले. फोनची किंमत म्हणजे जात नव्हे, अशी बरोबरी करणे उथळपणाचे ठरेल. पण पिढ्यानपिढ्या जमीन, संपत्ती आणि पगारी नोकरी नाकारली गेलेला समाज बाजारात कुठल्या पायरीवर उभा असतो, हे सांगायला पंडित लागत नाही. जी पायरी वाट्याला आली, तिच्यावर अपडेट सर्वांत आधी थांबतात.

जिओफोनचा धडा

२०१७ मध्ये जिओफोन आला. दीड हजार रुपये अनामत आणि हातात फोर-जी. गरिबाच्या हातात इंटरनेट देणारी क्रांती म्हणून त्याचा गाजावाजा झाला. २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आले. २०२० मध्ये व्हॉट्सॲपची मालक असलेल्या फेसबुक कंपनीने जिओमध्ये ४३,५७४ कोटी रुपये गुंतवले. पुढे काय झाले? हा फोन ज्या कायओएसवर चालतो, त्याच्या ॲप-दुकानातून जून २०२४ मध्ये व्हॉट्सॲप काढून घेतले गेले आणि २०२५ च्या सुरुवातीला आधार बंद होईल असे जाहीर झाले. गरीब ग्राहकांची संख्या दाखवून गुंतवणूक मिळवता येते. त्याच ग्राहकाचा फोन चालू ठेवण्याची वेळ आली की तो 'जुना' ठरतो.

सरकारही त्याच रांगेत

कंपनी नफ्यासाठी असते, तिच्याकडून करुणेची अपेक्षा करू नये. सरकारचे काय?

महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन अवघ्या दोन जीबी रॅमचे होते. ते तापत, अडकत, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर पडे आणि वर पोषण ट्रॅकर नावाचे नवे ॲप त्यावर नीट चालत नसे. मानधनावर राबणाऱ्या बायकांनी मोर्चे काढून फोन कार्यालयात नेऊन टाकले. जुन्या फोनच्या प्रश्नावर महाराष्ट्रात झालेले हे पहिले मोठे आंदोलन समजायला हरकत नाही. आपल्या किती व्याख्यानांत त्याचा उल्लेख होतो?

रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवरून हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो, वेळ आणि ठिकाणासह. फोन अडकला किंवा फोटो चढला नाही तर घाम गाळलेल्या दिवसाची मजुरी धोक्यात. खड्डा खणला याचा पुरावा खड्डा नाही, फोनमधला फोटो.

शिवाय घरात फोन एकच असला तर तो कोणाच्या खिशात असतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. मुलीच्या वाट्याला बहुधा भावाचा वापरून सोडलेला फोन येतो. म्हणजे कुटुंबातला सर्वांत जुना, आधार संपलेला फोन तिच्याकडे, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तोही तिनेच.

चवदार तळ्याची आठवण

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला. पाणी मात्र मिळाले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले. हक्क कागदावर असून भागत नाही, तिथपर्यंत जाणारी वाट मोकळी लागते, हा महाडचा धडा आहे.

आज योजना सर्वांना खुली आहे असे शासन निर्णय सांगतो. वाट मात्र ॲपमधून जाते आणि ॲपला नवा फोन लागतो. इथे कोणी काठी घेऊन उभा नाही, शिवाशिव नाही. पण बाहेर राहणारे लोक बऱ्याच अंशी तेच आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि अंध व्यक्तींच्या डिजिटल केवायसीच्या प्रकरणात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. हे हत्यार आपल्या हातात आहे. ते म्यानात ठेवायचे नाही.

तीन आक्षेप

पहिला, 'जुना फोन असुरक्षित असतो, म्हणून बंद करावाच लागतो.' धोका खरा आहे. पण तो निर्माण केला कोणी? कुलूप दुरुस्त करायचे थांबवायचे आणि मग कुलूप तकलादू आहे म्हणून घराबाहेर काढायचे, हा न्याय नव्हे. आणि साध्या फोनवर सेवा देता येतच नाही असेही नाही. *९९# वर बँकेचा व्यवहार होतो. साध्या फोनसाठीचे यूपीआय २०२२ पासून आहे. इच्छा असली की जमते.

दुसरा, 'सात-आठ हजारांत नवा फोन मिळतो.' सात-आठ हजार म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई, आणि तीही दर तीन वर्षांनी. हा न छापलेला कर आहे. शिष्यवृत्ती घेण्यासाठी आधी फोन घ्या, असे कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेले नाही. तो नियम कोणी मंजूर न करता लागू झाला.

तिसरा आक्षेप आपल्यातलाच: 'अत्याचाराचे प्रश्न असताना फोनचे काय घेऊन बसलात?' अत्याचाराचा व्हिडिओ कशावर निघतो? फिर्यादीची प्रत कशावर येते? मोर्चाचा निरोप कशावर जातो? आणि फेकलेला फोन शेवटी कोणाच्या हातात जातो? २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांच्या रीतसर पुनर्वापराची नोंद आहे. उरलेला कचरा निवडणारे, जाळणारे, तोडणारे हात आपल्या देशात कोणत्या जातीचे असतात हे पुण्या-मुंबईच्या कचरा डेपोवर जाऊन पाहावे. फोन अकाली मारला जातो तेव्हा खिसाही आपला कापला जातो आणि फुप्फुसेही आपलीच जळतात.

मागण्या आणि कामे

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी अपडेटची किमान पाच वर्षे मॉडेलची विक्री थांबल्यापासून मोजायला लावली आणि सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवायला सांगितले. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून अपडेट किती काळ मिळणार हे जाहीर करणे बंधनकारक आहे. भारतात दुरुस्तीच्या हक्काची समिती २०२२ मध्ये झाली, पोर्टल आले. सक्ती आली नाही. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात:

१. अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार हे फोनच्या खोक्यावर छापा, आणि ती वर्षे शेवटच्या विक्रीपासून मोजा.
२. कोणत्याही सरकारी योजनेत ॲप हा एकमेव दरवाजा नको. वेबसाइट आणि पोच मिळणारा कागदी अर्ज कायम ठेवा.
३. ॲपवर काम सक्तीचे असेल तर फोन, दुरुस्ती आणि डेटा यांचा खर्च शासनाचा.
४. कंपनीने आधार सोडलेल्या फोनचे कुलूप उघडे करा, म्हणजे इतरांना त्यावर नवे सॉफ्टवेअर बसवता येईल.

तोवर आपण काय करायचे? सेटिंगमध्ये जाऊन फोनची अँड्रॉइड आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहायला वस्तीत प्रत्येकाला शिकवा. सेकंडहँड घेताना हेच दोन आकडे आधी पाहा. अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेचे ॲप ठेवू नका. तो फोन अभ्यास, वाचन, कॉल यांसाठी वापरा. ज्या पोरांना तांत्रिक काम जमते, त्यांनी लिनिएजओएससारखी मुक्त प्रणाली कोणत्या मॉडेलवर चालते ते शोधावे. मात्र अनेक बँकांची ॲप त्यावर चालत नाहीत हेही सांगावे. आणि प्रत्येक तालुक्यातून दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज जाऊ द्या: तुमच्या विभागाच्या ॲपला किमान कोणती आवृत्ती लागते, ती कोणी आणि कशाच्या आधारे ठरवली, आणि ज्याच्याकडे तसा फोन नाही त्याने अर्ज कुठे करायचा? उत्तर आले तर हातात पुरावा. नाही आले तर अपील, आणि अपिलानंतर मोर्चा.

जय भीम!