निरोपाचा थाट आणि रिकामी खुर्ची

एप्रिलअखेरीस नाशिकमध्ये लग्नसराई ऐन भरात असते. गंगापूर रोडवरील लॉन्स रात्री उशिरापर्यंत दिव्यांनी उजळलेली असतात. अलीकडे या गर्दीत एक वेगळा समारंभ शिरला आहे. प्रवेशद्वारावर फुग्यांची कमान, आत व्यासपीठ, डीजेचा दणदणाट, फोटोसाठी सजवलेला कोपरा. आणि वधूवरांच्या जागी काळा झगा व चौकोनी टोपी घातलेली दहा-अकरा वर्षांची मुले. हा विवाह नव्हे आणि पदवीदानही नव्हे. मुलांनी प्राथमिक शाळा पूर्ण केली, त्याचा हा निरोप समारंभ.

निरोप समारंभ ही नवी गोष्ट नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग संपला की गुरुजींना श्रीफळ दिले जाई, पोहे किंवा चिवडा-पेढा वाटला जाई, एक सामुदायिक छायाचित्र निघे आणि मुलांच्या वतीने शाळेला भिंतीवरचे घड्याळ भेट मिळे. त्या निरोपाला अर्थ होता, कारण चौथीनंतर अनेक मुलांची शाळा, क्वचित गावही खरोखरच बदलत असे. आता शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा ठरवला आहे. शहरातील बहुतेक खासगी शाळांत तर एकाच आवारात दहावीपर्यंतचे वर्ग असतात. पाचवीचे मूल जूनमध्ये पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाते. मित्र, गणवेश, गाडीवाले काका सारे तेच राहतात. मग एवढा मोठा निरोप नेमका कोणाला दिला जातो?

काळ्या झग्याचीही एक कथा आहे. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत शिकणारे व शिकवणारे बहुधा धर्मसंस्थेशी जोडलेले असत. त्यांच्या लांब अंगरख्यातून पदवीदानाचा हा पोशाख आला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील वैद्यकीय संस्थांना हा वसाहतकालीन वेश सोडून भारतीय वेश स्वीकारण्याची सूचना केली. डॉक्टरांच्या अंगावरून जो झगा उतरवण्याचे प्रयत्न चालू आहेत, तोच पाचवीच्या मुलांच्या अंगावर चढतो आहे. ही हौस केवळ आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये अकराव्या वर्षी प्राथमिक शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी लांबलचक मोटारी भाड्याने घेतल्या जातात. रशियात चौथीच्या अखेरीस पालक वर्गणी काढून मेजवान्या देतात. तिकडेही दरवर्षी तोच वाद होतो आणि तिकडेही एकदा सुरू झालेली प्रथा थांबवणे कोणालाच सोपे जात नाही.

पालकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्या मुलांनी २०२० मध्ये पहिलीत प्रवेश घेतला, त्यांची सुरुवातीची शाळा मोबाइलच्या पडद्यावर झाली. त्यांना काही आनंद मिळावा, असे आईवडिलांना वाटले तर त्यात गैर काय? शिवाय जैन धर्म आनंदाचा विरोधक नाही. तपस्वींचे पारणे समाज उत्साहाने साजरे करतो आणि महावीर जयंतीची शोभायात्रा वाजतगाजत निघते. प्रश्न आनंद असावा की नसावा हा नाही. तो आनंद कोणाच्या खर्चाने मिळतो आणि त्यातून कोण वगळले जाते, हा खरा प्रश्न आहे.

एक घर डोळ्यांसमोर आणावे. वडील रिक्षा चालवतात, आई शिवणकाम करते. मुलीला शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के जागांच्या सोडतीतून चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला आहे. आठवीपर्यंत शुल्क नाही. पाच वर्षे मुलगी सर्वांबरोबर शिकली, खेळली, डबा वाटून जेवली. मार्च महिन्यात पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर संदेश येतो : प्रत्येकी अडीच हजार रुपये, शिवाय ठरलेल्या रंगाचा पोशाख. खाली चाळीस अंगठे उमटतात. त्यातला एक अंगठा त्या आईचा असतो, कारण सर्वांसमोर ‘आम्हाला जमणार नाही’ असे लिहिण्याचे बळ तिच्यात नसते. समारंभाच्या दिवशी मात्र मुलीला ‘ताप’ येतो. लॉनवर एक खुर्ची रिकामी राहते आणि त्या गोंगाटात ती कोणाच्या लक्षातही येत नाही. कायद्याने शाळेचे दार उघडले होते; निरोपाच्या वर्गणीने ते शेवटच्या दिवशी लोटून घेतले.

जैन समाजाला या प्रसंगाकडे अधिक जबाबदारीने पाहावे लागेल. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी जानेवारीत केंद्र सरकारने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली होती. त्यामुळे अल्पसंख्याक दर्जा घेतलेल्या जैन संस्थांच्या शाळांवर पंचवीस टक्क्यांचे कायदेशीर बंधन नाही. जिथे कायद्याचे बंधन नसते, तिथे धर्माचे बंधन अधिक असते. आपल्या शाळेत आलेले कोणतेही मूल पैशाअभावी ओशाळे होऊ नये, हे पाहणे तिथे केवळ विश्वस्तांच्या आणि पालकांच्या विवेकावर सोपवलेले आहे.

श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत आहे. निष्प्रयोजन केलेली हिंसा टाळावी, असा त्याचा आशय. लॉनवरच्या त्या रात्रीकडे या दृष्टीने पाहिले तर यादी लांबत जाते : तासाभरात फुटून कचऱ्यात जाणारे शेकडो फुगे, सूर्यास्तानंतर मांडलेली पंगत, घटक न तपासता आणलेले केक, मुलांच्या हाती दिलेल्या जेलीच्या गोळ्या. यांतील कित्येक गोळ्यांत जिलेटिन असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते, हे घरी बटाटाही वर्ज्य मानणाऱ्या पालकांच्या ध्यानात येत नाही. पाठशाळेत शिकवलेले आणि लॉनवर पाहिलेले यांत इतके अंतर पडले, तर मूल लॉनवरचेच लक्षात ठेवते. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केली नाही. त्यांनी ती मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली. ‘त्यांच्या वर्गाने ड्रोन आणला, आपल्या वर्गाने काय आणायचे?’ हा प्रश्न म्हणजे त्या मूर्च्छेचे बालरूप होय.

या मातीत शिक्षणासाठी खर्च करण्याची वेगळी परंपरा आहे. कुंभोजच्या जैन घरात १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही राखले नाही. नाशिक जिल्ह्यातच चांदवडला श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम उभा राहिला आणि त्यातून पुढे शाळा-महाविद्यालयांचा विस्तार झाला. पुण्यात १९८५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जैन संघटनेने सामूहिक विवाहांतून लग्नाच्या उधळपट्टीविरुद्ध काम केले आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथल्या सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. विवाहातील डामडौलाविरुद्ध उभा राहिलेला समाज, तोच डामडौल पाचवीच्या वर्गात शिरत असताना गप्प कसा बसेल?

निरोप कसा असावा, याचे उत्तर परंपरेतच सापडते. गिरनारच्या चंद्रगुंफेत वृद्ध आचार्य धरसेनांनी दोन मुनींना बोलावून घेतले. शिकवण्यापूर्वी त्यांनी दोघांना एकेक मंत्र दिला. एकात एक अक्षर अधिक होते, दुसऱ्यात एक उणे. साधना करताना विकृत रूपातील देवता प्रकट झाल्या, तेव्हा मंत्रातच दोष असला पाहिजे हे ओळखून दोघांनी आपापला मंत्र शुद्ध केला. परीक्षा झाली आणि अध्ययन सुरू झाले. आषाढ शुद्ध एकादशीला ते पूर्ण झाले. आपला अंत जवळ आला आहे आणि तो पाहून शिष्यांना क्लेश होतील, हे जाणून गुरूंनी त्याच दिवशी त्यांना निरोप दिला. पुष्पदंत व भूतबली या नावांनी प्रसिद्ध झालेल्या त्या मुनींनी अंकलेश्वरला चातुर्मास केला आणि पुढे मिळालेली विद्या षट्खंडागमाच्या रूपाने ग्रथित केली. ग्रंथ पूर्ण झाला ती ज्येष्ठ शुद्ध पंचमी आजही श्रुतपंचमी म्हणून पाळली जाते. त्या निरोपात शिष्यांनी सोबत नेले ते ज्ञान, आणि गुरूंनी जपले ते शिष्यांचे मन.

श्रुतपंचमी बहुधा मे अखेरीस किंवा जूनमध्ये, म्हणजे शाळेच्या दोन वर्षांच्या सांध्यावर येते. श्वेतांबर परंपरेतील ज्ञानपंचमी कार्तिकात, दिवाळीनंतर येते. प्राथमिक शाळेचा निरोप या दिवसांशी जोडता येईल. चाळीस मुलांचे अडीच हजार म्हणजे एक लाख रुपये. दोनशे रुपयांचे एक याप्रमाणे त्यात पाचशे पुस्तके येतात; एखाद्या वाडीवरच्या शाळेचे ग्रंथालय उभे राहते. वर्गणी ठरावीक नसावी. बंद पाकिटात ज्याने त्याने यथाशक्ती द्यावी आणि कोणी किती दिले याची यादी होऊ नये. समारंभ शाळेतच, दिवसा, गणवेशात व्हावा. मुलांनी शिक्षकांबरोबरच मावशींना, शिपाईकाकांना, गाडीवाल्या काकांना स्वतःच्या हस्ताक्षरातील पत्र द्यावे. म्हसरूळजवळच्या गजपंथाच्या पायऱ्या साऱ्या वर्गाने मिळून चढाव्यात आणि घरचा डबा वाटून खावा. अशा दिवशी कोणाला ताप येण्याचे कारण उरत नाही.

मात्र हे घडण्यासाठी कोणीतरी पहिला नकार द्यावा लागतो, आणि तो कोणी द्यावा हे महत्त्वाचे आहे. रिक्षावाल्याच्या घरातून आलेला नकार गरिबी म्हणून ऐकला जातो. मध्यमवर्गीय घरातून आलेला कंजुषी म्हणून. ज्याला पाच वर्गांचा खर्च एकट्याने पेलता येईल, त्याने ‘हे नको’ म्हटले, तरच तो विचार म्हणून ऐकला जातो. अपरिग्रह ज्याच्याकडे आहे त्यानेच आचरायचा असतो. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला त्याचा उपदेश करण्यात अर्थ नाही.

पुढच्या मार्चमध्ये पालकांच्या गटावर पुन्हा तो संदेश येईल. त्याखाली पहिला अंगठा उमटण्यापूर्वी एखाद्या संपन्न घरातील आईने किंवा वडिलांनी दोन ओळी लिहाव्यात : समारंभ शाळेतच करू या, सर्वांना येता येईल असा करू या. त्या दोन ओळी वाचून शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिलाई यंत्रासमोर बसलेली एक आई सुटकेचा निःश्वास टाकील. कोणाचे आभार मानावेत, हे तिला कळणारही नाही. दान असेच असावे, असे आपण मानत आलो आहोत.