एका वर्गात बसल्यानंतर

रत्नागिरीच्या सामाजिक इतिहासात शाळेच्या वर्गखोलीला एक विशेष स्थान आहे. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी येथे अस्पृश्यता निवारणाचे जे कार्य केले, त्यातील १९३१ चे पतितपावन मंदिर सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना शाळेत वेगळे न बसवता इतरांत सरमिसळ बसवावे, यासाठीही त्यांनी तितक्याच नेटाने आंदोलन केले होते. एकत्र बसणारी मुले एकत्र वाढतात आणि एकत्र वाढलेला समाजच एकसंध राहतो, हे त्यामागील सूत्र होते.

आज दिव्यांग मुलांच्या बाबतीत हेच सूत्र देशाने कायद्याने स्वीकारले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन दिव्यांग बालकांचा स्पष्ट समावेश झाला आणि तीव्र वा बहुविकलांग मुलांसाठी घरी राहून शिकण्याचा पर्यायही मान्य झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के वा अधिक आहे, अशा ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना नजीकच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा अधिकारही त्याच कायद्याने दिला. दार उघडले आहे, याबद्दल शंका नाही.

मात्र येथे एक मूलभूत भेद लक्षात घेतला पाहिजे. अस्पृश्य मानलेल्या मुलाच्या वाटेतील अडथळा समाजाच्या मनात होता. तो दूर होताच ते मूल इतरांप्रमाणेच शिकू शकत होते. दिव्यांग मुलाचे तसे नाही. वर्गात प्रवेश मिळाला म्हणून कर्णबधिर मुलाला शिक्षकांचे बोलणे ऐकू येत नाही, की बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला चाळिसांच्या वर्गाचा वेग झेपत नाही. अशी मुले शेवटच्या रांगेत शांत बसतात, हजेरीपटावर नाव राहते आणि वर्षामागून वर्षे वरच्या वर्गात जात राहतात. पालकांना वाटते, मूल शिकते आहे. प्रत्यक्षात ते केवळ बसलेले असते.

हे टाळण्याचा जो मार्ग विशेष शिक्षणशास्त्राने सिद्ध केला आहे, त्याला ‘वैयक्तिक शिक्षण आराखडा’ म्हणतात. अमेरिकेने १९७५ साली कायदा करून असा आराखडा बंधनकारक केला आणि तो ठरवताना पालकांना बरोबरीचे स्थान दिले. आपल्याकडे विशेष शाळांमधून ही पद्धत रुळलेली आहे. २०१६ च्या कायद्यानेही प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेनुसार साहाय्य देण्याची आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. मात्र आराखडा कसा करावा, पालकांचे त्यातील स्थान कोणते, याची बारकाईची चौकट कायद्यात नाही. म्हणूनच येथे कुटुंबाची जागरूकता निर्णायक ठरते.

आराखडा म्हणजे काही गूढ शास्त्र नव्हे. मुलाला आज काय येते, वर्षअखेर काय यावे, त्यासाठी टप्पे कोणते, कोणी, कोणत्या साधनाने आणि आठवड्यातून किती वेळा शिकवायचे, आणि ते आले की नाही हे केव्हा व कसे तपासायचे, एवढ्या गोष्टींची लेखी नोंद म्हणजे आराखडा. त्याचा कस त्याच्या नेमकेपणात असतो. ‘गणितात सुधारणा करणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘दिवाळीपर्यंत वीसपर्यंतच्या वस्तू न चुकता मोजणे आणि दहा रुपयांपर्यंतची नाणी ओळखणे’ हे उद्दिष्ट होय. पहिले कधीच तपासता येत नाही. दुसरे कोणतीही आई स्वयंपाकघरात तपासू शकते.

याच ठिकाणी घराचा संबंध येतो. मूल शाळेत पाच-सहा तास असते, उरलेला दिवस घरात. मोजणी शाळेत शिकवली, पण घरी काजूच्या बिया मोजायला कोणी बसवले नाही, तर ती टिकत नाही. आंब्याच्या हंगामात लहान-मोठे फळ निवडून वेगळे ठेवणे, एस. टी.ची पाटी ओळखणे, ओटीवरच्या पाहुण्याला पाणी नेऊन देणे ही सारी कोकणातल्या घरातील शिक्षणाचीच साधने आहेत. आजी-आजोबा, काका, भावंडे यांनी ठरवून एकेक काम वाटून घेतले, तर आपली कुटुंबव्यवस्था हीच मुलाची सर्वांत मोठी शाळा ठरते. उलट, ‘बिचाऱ्याला काय जमणार’ असे म्हणून सर्व कामे हातातून काढून घेणारी माया त्याला आयुष्यभर परावलंबी करते.

पालकांनी संकोच सोडला पाहिजे. शाळेत पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करू नये. आराखडा मराठीत समजावून मागावा, त्याची प्रत घरी ठेवावी, दर तीन महिन्यांनी प्रगती विचारावी. उद्दिष्ट साध्य झाले नसेल, तर दोष मुलाच्या माथी मारण्यापूर्वी पद्धत बदलावी. अडचण सुटत नसल्यास जिल्हा शिक्षण कार्यालयात यासाठी समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद २०१७ च्या नियमांत आहे. ती वापरावी. मागणे म्हणजे भांडणे नव्हे.

अर्थात सारा भार सामान्य शिक्षकावर टाकणेही अन्यायाचे होईल. प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली घालून दिले. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, लहान पटसंख्येच्या शाळा आणि मुसळधार पावसाळा असलेल्या या जिल्ह्यात एक विशेष शिक्षक किती शाळांपर्यंत पोहोचू शकेल, याचा विचार शासनाने केलाच पाहिजे. परंतु शासन पोहोचेपर्यंत मुलाचे बालपण थांबत नाही.

सुदैवाने अनुभवाचे भांडवल जिल्ह्यातच आहे. रत्नागिरीतील ‘आविष्कार’ संस्थेचे सविता कामत विद्यामंदिर आणि शामराव भिडे कार्यशाळा, मंडणगड तालुक्यातील घराडी येथील स्नेहज्योती अंध विद्यालय अशा संस्थांतील शिक्षकांनी हे काम हाताळले आहे. त्यांचे ज्ञान सामान्य शाळेच्या शिक्षकांपर्यंत आणि वाडीवरच्या आईपर्यंत नेणारा दुवा हवा आहे. २००८ साली नागपूर येथे स्थापन झालेल्या ‘सक्षम’सारख्या संघटनांचे आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांचे हे स्वाभाविक कार्यक्षेत्र आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आपल्या वस्तीत असे मूल कोणत्या घरी आहे हे ठाऊक असणे, त्या पालकांबरोबर शाळेच्या बैठकीला जाणे, आराखडा वाचून दाखवणे आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारपूस करणे, एवढे प्रत्येकाला शक्य आहे.

वर्षातून एकदा फळे वाटून छायाचित्र काढणे म्हणजे सेवा नव्हे. एका मुलीला आपले नाव लिहिता यावे, एका मुलाला दुकानातून उरलेले पैसे बरोबर परत आणता यावेत, यासाठी वर्षभर पाठपुरावा करणे ही सेवा होय. समरसतेची एक लढाई या भूमीने वर्गात सरमिसळ बसवून लढली. त्याच वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकता यावे, ही त्या लढाईची पुढची पायरी आहे. ती चढण्याचे उत्तरदायित्व शाळेइतकेच घराचे आणि घराइतकेच समाजाचे आहे.