एका बाटलीत बारा ॲलर्जी

आमच्या आळीतल्या, नववीत शिकणाऱ्या एका मुलाचा ॲलर्जीचा अहवाल त्याची आई गेल्या महिन्यात माझ्याकडे घेऊन आली. रक्ताची तपासणी आणि पानांमागून पानं: वांगं, तूरडाळ, दूध, झुरळ, बुरशी, गाजर गवत, धुळीतले माइट. बऱ्याच ओळींपुढे 'पॉझिटिव्ह' होतं. त्याच्या आधारे वांगं आणि दूध बंद झालं होतं आणि ॲलर्जीवरची लसही सुरू व्हायची होती. एकाच बाटलीत बारा अर्क एकत्र करून!

मी डॉक्टर नाही, शाळेत जीवशास्त्र शिकवते. पण माइटच्या ॲलर्जीवरची लस मी स्वतः पूर्ण घेतली आहे, तिचा मला फार उपयोग झाला आहे, आणि म्हणूनच ती अशी दिली जाताना मला राग येतो.

त्या मुलाला मी एवढंच विचारलं की शिंका कधी येतात? उठल्या उठल्या, गोधडीची घडी घालताना. दुपारी मैदानावर? अजिबात नाही. पावसाळ्यात? सगळ्यात जास्त. पानंच्या पानं छापून जे कळलं नाही, ते इथे कळतं: संशय माइटवर. माइट डोळ्यांना दिसत नाही, मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढा, आठ पायांचा, कोळ्याच्या नात्यातला जीव. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेवर जगतो आणि पाणी हवेतल्या दमटपणातून शोषतो. आमच्या चिपळूणच्या जुलैत कापसाची गादी आणि आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी याहून चांगलं घर त्याला कुठे मिळणार? नाकाला खरा त्रास होतो तो त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. घरातल्या धुळीतला मुख्य गुन्हेगार हाच, हे १९६०च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडन इथे फोरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं.

तपासणी पॉझिटिव्ह येणं म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखतं, इतकंच. त्यानेच आजार होतोय की नाही, हे रुग्णाच्या दिनक्रमावरून ठरतं. नुसत्या शिंका आणि वाहतं नाक असलेल्या मुलाच्या त्रासामागे अन्नाची ॲलर्जी असणं फार क्वचित. वाढत्या वयात त्याचं दूध तोडलं गेलं, ते कशासाठी?

आणि ती बाटली. १९११ साली लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी ही उपचारपद्धती पहिल्यांदा मांडली, ती गवताच्या परागांच्या अर्कावर. ज्याचा त्रास, त्याचाच अर्क, हळूहळू वाढवत न्यायचा. मग शरीर त्याला सोसायला शिकतं, हे तिचं मर्म आजही तेच आहे. त्यासाठी पुरेशी मात्रा लागते. माइटच्या बाबतीत दर इंजेक्शनला मुख्य प्रथिन साधारण ५ ते २० मायक्रोग्रॅम असावं, असं मानलं जातं. बारा अर्क एकत्र केले की प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार? शिवाय बुरशी आणि झुरळांच्या अर्कांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. ती शेजारच्या अर्कांना बाटलीतच निकामी करू शकतात. म्हणजे ज्याची गरज आहे तेच कमी होणार, आणि तीन वर्षांनी आई म्हणणार, "लसीने काही होत नाही."

तीन वर्षं हा काळ लहान नाही. सुरुवातीला आठवड्याला एक इंजेक्शन, पुढे महिन्याला एक. प्रत्येक वेळी नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, कारण क्वचित का होईना, अंगावर जोरदार प्रतिक्रिया उमटू शकते आणि तेव्हा ॲड्रेनॅलिन हाताशी लागतं. मी तिथल्या बाकावर पेपर तपासत बसायचे. शेजारच्या खोलीत टोचून लगेच घरी पाठवलेली माणसंही मी पाहिली आहेत. दमा आटोक्यात नसताना तर ही लस द्यायचीच नसते.

एवढा वेळ आणि पैसा घालणाऱ्या कुटुंबाला आपण नेमकं काय टोचून घेतो आहोत, हे कळायलाच हवं. आपल्याकडच्या अनेक बाटल्यांवर अर्क किती पातळ केला आहे एवढंच असतं, मुख्य प्रथिन किती हे नसतं. ते छापणं औषध प्रशासनाने सक्तीचं करावं, आणि एका बाटलीत वाटेल तितके अर्क कालवण्याला मर्यादा घालावी.

त्या आईला मी दूध पुन्हा सुरू करण्याबद्दल बालरोगतज्ज्ञांशी बोलायला सांगितलं. अभ्रे-चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवायच्या, नाकातला स्टेरॉइडचा फवारा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज न चुकता मारायचा. त्वचेवरची चाचणी ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडून करून घ्यायची, आणि त्याआधी शिंकांच्या गोळ्या किती दिवस थांबवायच्या ते त्यांनाच विचारायचं. लस त्यानंतर, आणि फक्त माइटची.